प्राणिपालन-दायित्व

पाळलेल्या प्राण्याचे अन्न, निवारा, औषधोपचार, वीण व अखेर यांबाबत पाळणाऱ्याकडे येणारी कर्तव्ये आणि त्या प्राण्याकडून इतरांना होणाऱ्या इजेची त्याच्यावर पडणारी जबाबदारी, असे दोन्ही अर्थ या संज्ञेत येतात. पहिली बाजू प्राण्याच्या हिताची, दुसरी शेजाऱ्याच्या. मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद जनावराला लागते तसे शब्दाला, पथ्याला आणि व्रतालाही लागते. ‘मालक’ म्हटले की मात्र हक्क आधी डोळ्यांपुढे येतो. शहरांतून कुत्र्या-मांजरांच्या संदर्भात ‘मालक’ऐवजी ‘पालक’ म्हणण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. प्राणी ही मालमत्ता की सांभाळायला घेतलेला जीव, हा या विषयातला जुना तंटा त्या एका शब्दबदलात येऊन जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कुत्र्याचा विचार केला आहे; गुरेढोरे व ओझ्याची जनावरे यांचे प्रश्न पुष्कळसे निराळे आहेत.

उगम : कुत्रा केव्हा व कोठे माणसाळला याबद्दल एकमत नाही. सु. 15,000 वर्षांपासून 30,000 वर्षांहूनही मागे जाणारे काळ सुचवले गेले आहेत आणि युरोप, सायबीरिया व पूर्व आशिया यांपैकी प्रत्येक प्रदेशाचा पक्ष घेणारे अभ्यासक आहेत. दायित्वाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा पुरावा जर्मनीतील बॉनजवळच्या ओबरकासेल येथील आहे. 1914 मध्ये तेथील दगडखाणीत एक पुरुष, एक स्त्री व कुत्रा यांचे सु. 14,000 वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले गेले. मरतेवेळी ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते, आणि दातांच्या एनॅमलवरील खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार काही आठवडे टप्प्याटप्प्याने झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. अशा आजारात पिल्लू स्वतःच्या बळावर इतके दिवस तगत नाही. कोणी तरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, घाण साफ केली, आणि हे सारे ते शिकारीच्या काहीही उपयोगाचे नसताना, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. एका जबड्यावरून एवढे अनुमान ताणावे काय, अशी शंका रास्त आहे. तथापि उपयोगाविना सांभाळ केल्याचा याहून जुना पुरावा सहसा दिला जात नाही. भारतात काश्मीरमधील बुर्झाहोम या नवाश्मयुगीन स्थळी माणसांबरोबर कुत्रे पुरल्याचे आढळले आहे. त्यामागील भावना मायेची की परलोकातल्या सोबतीची, हे हाडांवरून ठरवता येत नाही.

लिखित आधार : कुत्र्याविषयीच्या कर्तव्यांचे सर्वांत तपशीलवार प्राचीन विवेचन पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथसंग्रहातील वेंदिदाद या ग्रंथात आहे. त्याचे आजचे संकलन केव्हा झाले याविषयी मतभेद असून ते प्राचीन इराणच्या हखामनी राजवटीपासून नंतरच्या पार्थियन राजवटीपर्यंत कोठेही ठेवले जाते. आशय त्याहून जुना असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेराव्या फर्गर्दमध्ये (अध्यायात) मेंढपाळाचा कुत्रा व घर राखणारा कुत्रा असे प्रकार पाडून त्यांना वाईट अन्न देणे हा घरधन्याला वाईट अन्न वाढण्याइतका गुन्हा मानला आहे. पंधराव्यात कुत्र्याला फार कडक हाड किंवा जिभेला चटका बसेल असे गरम अन्न घालण्याला पाप म्हटले आहे. गाभण कुत्री ज्याच्या जागेलगत आढळेल त्याने पिल्ले स्वतःची सोय लावू लागेपर्यंत तिचा सांभाळ करावा, अशीही आज्ञा आहे. कुत्री त्याची असण्याची अट नाही; जवळ असणे पुरेसे. कुत्रा पिसाळला तर त्याच्या गळ्यात लाकडी लोढणे अडकवावे, त्याच्यावर उपचार करावेत, असे सांगितले आहे. मात्र त्याने कोणाला चावून जखमी केले तर कान कापण्याची वगैरे शिक्षा खुद्द कुत्र्यालाच आहे.

भारतीय व्यवहारशास्त्राची, म्हणजे न्यायनिवाड्याच्या शास्त्राची, मांडणी नेमकी उलट आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या अधिकरणात असे सांगितले आहे, की शिंगे किंवा दाढा असलेले जनावर माणसाला इजा करीत असता जो धनी त्याला सोडवत नाही त्याला प्रथम साहसदंड, म्हणजे तीन ठरीव दंडांपैकी सर्वांत खालचा, व्हावा, आणि मदतीसाठी हाक मारूनही तो आला नसेल तर दंड दुप्पट व्हावा. हाच नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात जवळजवळ त्याच शब्दांत येतो. तेथे ‘शक्तोऽपि’, म्हणजे सोडवण्यास समर्थ असूनही, ही पुस्ती आहे. कोणी कोणाकडून घेतला, हे ग्रंथांच्या काळनिश्चितीवर अवलंबून आहे. मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे रा. प. कंगले यांनी ग्रंथ मौर्यकालीन कौटिल्याचाच मानला. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी त्याचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास आणला आहे. याज्ञवल्क्याला पां. वा. काणे यांनी इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसरे शतक या मर्यादेत ठेवले, तर ऑलिव्हेल त्याला गुप्तकाळात नेतात. कंगले यांचे मत किंवा दोन्ही ग्रंथांबाबत ऑलिव्हेल यांचे मत स्वीकारले, तर अर्थशास्त्रातील वचन आधीचे ठरते. ‘दंष्ट्री’ या शब्दात हत्तीपासून कुत्र्यापर्यंत कोणीही येऊ शकतो. लक्षात घेण्याजोगे हे, की दंड प्राणी पाळण्याबद्दल वा तो बिथरल्याबद्दल नाही. धन्याने हात बांधून पाहत राहण्याबद्दल आहे.

या दंडनीतीच्या शेजारी दुसरी एक परंपरा नांदत आली. वैश्वदेवानंतर कुत्रे, कावळे यांच्यासाठी जमिनीवर अन्न ठेवण्याचा विधी मनुस्मृतीत आहे. मराठी घरांतील गोग्रास व काकबळी त्याच कुळातले. येथे अन्न देणे आहे, पाळणे नाही. उष्टे-शिळे घालून गल्लीतला कुत्रा ‘आपला’ म्हणणे, पण त्याला दावणीला न बांधणे, या सर्वपरिचित वागण्याची मुळे येथे शोधता येतील. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर ज्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो तोही त्याने पाळलेला नाही. तो नुसता हस्तिनापुरापासून मागोमाग आलेला आहे. तरी भक्तत्याग हे महापाप आहे, असे युधिष्ठिर इंद्राला ऐकवतो. मागे येणाऱ्याचे ऋण मागे येऊ देणाऱ्यावर चढते, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

मुंबई, 1832 : कुत्रा राखण्याच्या वरील परंपरांची सरकारी हुकमाशी टक्कर मुंबईत झाली. मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम ब्रिटिश अंमलात आधीपासून होता व प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रेही मारले जातात, घरांच्या आवारात शिरून ओढून नेले जातात, अशा तक्रारी होत्या. 6 जून 1832 रोजी कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हिंदू व जैन व्यापारीही बंदमध्ये उतरले, बाजार ओस पडला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीचा रसदपुरवठा अडला. हा उठाव निव्वळ धार्मिक होता की कंपनी सरकारच्या घरात घुसण्याविरुद्धचा होता, यावर इतिहासकारांत दुमत आहे. वेंदिदादमधील कुत्र्याचे स्थान पाहता पहिले कारण बाजूला सारता येत नाही. परंतु रसद अडवण्यातला नेमकेपणा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तडजोड म्हणून कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचे ठरले, आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ सुरू झाली. पांजरपोळीत जनावर मरेपर्यंत सांभाळले जाते, मारले जात नाही. ज्याचा धनी नाही त्याचा धनी एक संस्था होते, ही कल्पना येथे रुजली.

गांधी व अहमदाबाद, 1926 : गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातील सु. साठ मोकाट कुत्रे, पिसाळण्याच्या भीतीने, मारवले. गांधींनी त्यांची बाजू घेतली आणि जैन वाचकांच्या रागाला नवजीवन व यंग इंडियातील लेखमालेतून उत्तरे दिली. रस्त्यात भटकणारा कुत्रा हे समाजाच्या दयेचे लक्षण नसून आळसाचे आहे, कुत्रा हवा असेल त्याने तो घरी नीट पाळावा, दारात आलेल्याला तुकडा फेकून मोकळे होऊ नये, असा त्यांचा आशय होता. दोन वर्षांनी साबरमती आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देववून मरण दिले, तेव्हा वाद पुन्हा पेटला. पांजरपोळीची भूमिका आणि गांधींची भूमिका यांत जीवदयेचे दोन अर्थ समोरासमोर येतात: जीव न घेणे आणि जीवाची जबाबदारी घेणे. आजच्या वादांत दोन्ही बाजूंचे लोक नकळत यांपैकीच एक अर्थ धरून बोलत असतात.

कायदा : रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील खटपटीतून 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने प्राण्याची निगा राखण्याचे कर्तव्य ‘ताब्यात असलेल्या’ प्रत्येकावर टाकले, केवळ धन्यावर नव्हे. अकराव्या कलमात अन्नपाणी न देणे, विनाकारण सोडून देणे, अवास्तव आखूड किंवा जड साखळीने बांधणे, आणि सतत साखळीला असलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे, हे सारे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. साठ वर्षांत तो बदललेला नाही. आज त्या रकमेत कुत्र्याचा गळपट्टाही येत नाही.

मालमत्तेची जुनी कल्पना दंडसंहितेत अधिक स्पष्ट होती. 1860 च्या संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्याचे कलम त्याच्या किमतीवरून ठरे, दहा रुपयांचे वेगळे आणि पन्नासचे वेगळे. बिनकिमतीच्या गावठी कुत्र्यासाठी ही अडचण होई. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत किमतीची अट गेली आणि कोणत्याही प्राण्यासाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत झाली. ताब्यातील जनावराबाबत हलगर्जी करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड आहे. याज्ञवल्क्याच्या नियमाचा हा लांबचा वंशज म्हणता येईल. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू या तमिळनाडूतील बैलांच्या खेळाच्या प्रकरणात भूक, अस्वस्थता, वेदना, भीती यांपासून मुक्ती व स्वाभाविक वर्तनाची मोकळीक हे ‘पाच स्वातंत्र्यां’चे तत्त्व मान्य केले. मूळ तत्त्व ब्रिटनमध्ये गोठ्या-खुराड्यांतील पशूंसाठी घडले होते.

खरा पेच धनी नसलेल्या कुत्र्याचा आहे. 2001 च्या व नंतर 2023 च्या प्राणी जननदर नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्रे पकडून, निर्बीजीकरण व लसीकरण करून जेथून उचलले तेथेच सोडावे लागतात. 2023 च्या नियमांनी त्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याचे काम रहिवासी संघटनांकडे दिले. एखाद्या सोसायटीच्या फाटकाबाहेर रात्री दहाला स्टीलच्या ताटलीत दूधभात ठेवणारी बाई आणि सकाळी त्याच जागी दूध आणायला निघालेल्या मुलाच्या पोटरीला चावा, असा हा तंटा घरोघर परिचयाचा आहे. खाऊ घालणारी व्यक्ती ‘ताब्यात असलेली’ ठरते काय, हा प्रश्न त्यातून निघतो. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तो सौम्य करून, पिसाळलेले व आक्रमक वगळता बाकीचे लस टोचून परत सोडावेत आणि खाणे ठरलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, स्थानके आदी आवारांपुरता पुन्हा कडक आदेश झाला.

तात्त्विक भूमिका : इमॅन्युएल कांट यांनी म्हाताऱ्या इमानी कुत्र्याचा मरेपर्यंत सांभाळ करावा असे सांगितले, पण ते कुत्र्याचे देणे म्हणून नव्हे, क्रूरपणाने माणूसपण झिजते म्हणून. जेरेमी बेंथम यांनी प्राण्याला यातना होतात का, हाच प्रश्न पुढे केला. अलीकडचे अमेरिकी कायदेपंडित गॅरी फ्रान्सिओन पाळीवपणालाच अन्याय मानतात. आहेत ते प्राणी सांभाळावेत, पण नवे जन्माला घालू नयेत, असे ते म्हणतात. सू डोनाल्डसन व विल किमलिका पाळीव प्राण्यांना समाजाचे नागरिक आणि माणसांच्या आसपास राहणाऱ्या रानटी जीवांना नागरिकत्वाविना राहण्याचा हक्क असलेले निवासी समजतात. गल्लीतला कुत्रा या दोन्ही खणांत धड बसत नाही. त्यापेक्षा वेंदिदादचा ‘जवळ असण्या’चा निकष येथील वस्तुस्थितीला अधिक जुळतो, असे दिसते.

वीण व जाती : अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथी-नक्षत्रांना बैल, बोकड, मेंढे खच्ची करण्यास मनाई आहे. आज तोच प्रश्न उलट्या अंगाने येतो, आणि निर्बीजीकरण न करणाऱ्यालाच बेजबाबदार ठरवले जाते. शोभेसाठी जाती घडवण्याचा वाद अधिक तीव्र आहे. 2003 च्या सुमारास एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीमुळे भारतात पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या या कुत्र्यांना श्वास पुरत नाही. त्यांचे झोपेतले घोरणे, ज्याचे कौतुक होते, ते बरेचदा या त्रासाचेच लक्षण असते. नॉर्वेत न्यायालयाने 2022 मध्ये कॅव्हेलियर स्पॅनियल व बुलडॉग या दोन्हींची पैदास बेकायदा ठरवली. 2023 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कॅव्हेलियरपुरती ठेवली. भारतात मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 ‘हिंस्र’ जातींवर बंदीचे पत्र काढले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

पक्षी : अशोकाच्या त्याच लेखातील अवध्य प्राण्यांत पोपट व मैना प्रथम येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, तरी ओसरीवर टांगलेला व ‘विठू विठू’ बोलणारा राघू खेड्यापाड्यांत अजून दिसतो. लहानपणापासून पिंजऱ्यात वाढलेला राघू सोडून दिला तर त्याला थव्यात जागा मिळत नाही आणि ससाण्यापुढे तो टिकत नाही. म्हणून जप्त केलेल्या पक्ष्यालाही पुष्कळदा नवा पिंजराच मिळतो, थोडा मोठा.