100 ग्रॅम दाणे, 500 लिटर पाणी

"पाणी कमी झालं की आम्ही वरून टाकतोच की! मग वेगळं बदलायचं कशाला?" फिशटँक असलेल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. इंदूरच्या मे महिन्यात जरा जास्तच, कारण त्या दिवसांत टँकची पातळी डोळ्यांदेखत उतरते. त्याच घरांत कधीकधी दुसरंही एक वाक्य ऐकू येतं: "पाणी बदललं की मासे मरतात, म्हणून आम्ही हातच लावत नाही." यातलं दुसरं वाक्य बऱ्याचदा खरं असतं, आणि ते खरं ठरतं ते पहिल्या वाक्यामुळेच.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, विरघळलेले क्षार मागे राहतात, एवढं शाळेत सगळेच शिकलेले असतात. इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतला हलवाई रबडी आटवताना कढईत वरून दूध घालत राहतो, तसाच हा प्रकार, फक्त विस्तव नाही. आता आकडे घालून बघू. 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद टँक घ्या, त्यात 50 लिटर पाणी. उन्हाळ्यात पातळी दिवसाला 4 मिलिमीटर उतरली, तर रोज 720 मिलिलिटर, म्हणजे आठवड्याला 5 लिटर पाणी उडालं. तेवढंच बोरिंगचं पाणी आपण वरून टाकलं. त्या पाण्यात लिटरला 600 मिलिग्रॅम क्षार आहेत असं धरा (आपल्या माळव्याच्या काळ्या दगडातून आलेलं पाणी जडच असतं). दर आठवड्याला 3000 मिलिग्रॅम क्षार आत आले, बाहेर काहीच गेलं नाही. म्हणजे लिटरमागे 60 ची वाढ. दहा आठवड्यांत 600 चे 1200. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ, कारण क्षार डोळ्यांना दिसत नाहीत.

घरातल्या आरओ मशीनच्या बारीक नळीतून वाया जाणारं पाणी टँकला वापरणारे हुशार लोकही भेटतात. मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला ते उत्तम.

क्षार हे दुखण्याचं एक टोक झालं. दुसरं टोक माशांच्या खाण्याच्या दाण्यांच्या डब्यात आहे, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त मजा तिथेच येते.

डब्यावर प्रथिनांचं प्रमाण छापलेलं असतं, साधारण 40 टक्के धरू. प्रथिनात नायट्रोजन 16 टक्के असतो. म्हणजे 1 ग्रॅम दाण्यांत 64 मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला काही भाग माशाच्या अंगाला लागतो. बाकीचा, समजा 45 मिलिग्रॅम, कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. न खाल्लेले दाणे कुजले, तरी शेवट तोच. अमोनिया माशांना विषारी. पण जुन्या, बसलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. 1890 च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले, तेव्हापासून समज असा होता की पहिली पायरी एका जातीची, दुसरी दुसऱ्या जातीची. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा नायट्रोस्पायरा जिवाणू थेट 2015 साली सापडला, आणि नेदरलँड्समधल्या गटाला तो सापडला कुठे, तर मत्स्यपालनातल्या फिरत्या पाण्याच्या फिल्टरमध्ये! स्पंज नळाखाली खसाखसा धुणाऱ्यांनी आपण काय धुवून टाकतो आहोत ते एकदा मनात आणावं. टँकमधून काढलेल्याच पाण्यात तो दोनदा पिळला की पुरे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो, आपले जिवाणू तो वेगळे काढत नाही.

तर 45 मिलिग्रॅम नायट्रोजनाचं नायट्रेट किती? नायट्रोजनाचा अणुभार 14, नायट्रेटचा रेणुभार 62, म्हणजे 4.43 पट. गुणाकार केला की जवळजवळ 200 मिलिग्रॅम. 1 ग्रॅम दाणे म्हणजे 200 मिलिग्रॅम नायट्रेट. फिल्टरचं काम इथे संपतं. घरगुती फिल्टर नायट्रेट फारसं काढत नाही. थोडं वनस्पती आणि शेवाळ घेतात, उरलेलं बाहेर जायला एकच वाट आहे, तुमची बादली.

आता बादलीचा हिशोब. नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवा. मासे पाळणारे बहुधा याच्या आसपासच थांबतात (आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली मर्यादा 45 आहे). पाणी या मर्यादेला टेकलेलं असताना तुम्ही उपसलेला प्रत्येक लिटर 40 मिलिग्रॅम नायट्रेट घेऊन जातो. 200 भागिले 40, उत्तर 5. म्हणजे 1 ग्रॅम दाण्यांमागे 5 लिटर पाणी बदलायचं. 100 ग्रॅमचा डबा संपेपर्यंत 500 लिटर.

या उत्तरात टँकचा आकार कुठेच आला नाही, हे लक्षात आलं का? 50 लिटरचा टँक असो की 300 लिटरचा, दाणे तेवढेच असतील तर बादल्याही तेवढ्याच. मोठ्या टँकमध्ये मर्यादा गाठायला वेळ लागतो, चूक पचायला जागा मिळते, हा फायदा खराच. पण मोठा टँक घेतला म्हणजे पाणी कमी बदलावं लागेल ही समजूत हिशोबात बसत नाही.

थोडं बीजगणित चालणार असेल तर पुढचं वाचा, नाहीतर एक परिच्छेद ओलांडा. आठवड्याला नायट्रेट लिटरमागे न इतकं वाढतं आणि तुम्ही पाण्याचा प हा भाग बदलता. सुरुवातीला वाढ जास्त आणि निकास कमी असतो. पण जसजसं पाणी दाट होतं, तसतसा त्याच बादलीतून जास्त माल बाहेर जातो. शेवटी आवक आणि जावक बरोबरीत येतात आणि आकडा न ÷ प वर थांबतो. आठवड्याला 10 ची वाढ आणि 20 टक्के बदल: 10 ÷ 0.2 = 50. फक्त 10 टक्के बदललं तर 100. अर्धं बदललं तर 20. क्षारांचंही असंच समीकरण आहे. ब लिटर पाणी बदलता आणि उ लिटर उडतं, तर टँकमधले क्षार नळाच्या (ब + उ) ÷ ब पट होऊन थांबतात. वरच्या टँकमध्ये आठवड्याला 25 लिटर बदला, क्षार 720 वर थांबतील. 10 लिटर बदला, 900. 5 लिटर बदला, 1200. काहीच बदलू नका, तर भागाकारात खाली शून्य येतो, आणि शून्याने भागल्यावर काय होतं ते शाळेतल्या बाईंनी सांगितलेलंच आहे.

"रोज 20 टक्के बदलतो, म्हणजे पाच दिवसांत सगळं नवं" असंही लोक म्हणतात. 0.8 ला पाच वेळा गुणा: 0.33. एक तृतीयांश जुनं पाणी अजून आतच आहे, कारण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कालचं नवं पाणीही फेकता आहात. 50 लिटरच्या टँकमध्ये 25 लिटर एकदम बदलले तर जुनं 50 टक्के उरतं, तेच 25 लिटर पाच वेळा दहा-दहा टक्के करून बदलले तर 59. पाणी आणि कष्ट वाचवायचे असतील तर एकदाच मोठा बदल किफायतशीर. आणि आधी उपसा, मग भरा. आधी वरून भरून मग उपसलं, तर पातळ झालेला माल बाहेर जातो.

मग मोठ्या बदलाने मासे का मरतात? महिनोन्महिने वरून बोरिंगचं पाणी टाकलेल्या टँकमधला मासा हळूहळू 1400 टीडीएसला (म्हणजे लिटरमागे 1400 मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांना) सरावलेला असतो. एका रविवारी कुणीतरी उत्साहाने टँक धुवून नवं पाणी भरतं. माशाच्या शरीरातल्या आणि बाहेरच्या पाण्यातल्या क्षारांचं गणित एका तासात बदलतं, आणि मासा ते सांभाळू शकत नाही. वरून फक्त आरओचं शुद्ध पाणी टाकणाऱ्यांकडे वेगळाच घोळ होतो. तिथे क्षार वाढत नाहीत, पण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. दर 1 मिलिग्रॅम नायट्रोजनामागे पाण्यातला सुमारे 7 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कपणा खर्ची पडतो. तो भरून देणारं काहीच येत नाही. पीएच 6.5 पर्यंत घसरला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. तरी मासे जगतात, कारण या पीएचला त्यातला जेमतेम 0.2 टक्का विषारी रूपात असतो, बाकीचा निरुपद्रवी अमोनियम. अशा टँकमध्ये पीएच 8 चं भरपूर पाणी ओता. तोच अमोनिया, पण विषारी भाग 5 टक्क्यांवर, जवळजवळ तीसपट. मासे तडफडतात आणि दोष मिळतो पाणी बदलण्याला. असा जुना टँक हाताशी आला तर सुरुवातीला दहा-दहा टक्केच बदलावं, दिवसाआड. मघाशी तोट्याचा वाटलेला प्रकार इथे औषध ठरतो.

आपल्याकडे याच मृत्यूंना आणखी एक स्पष्टीकरण मिळतं: माशाने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं. वास्तूचा म्हणून घेतलेला अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न मेला की लोक हळहळतात, मग लगेच दुसरा आणतात. विकणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीची श्रद्धा नसेल. दर सहा महिन्यांनी घरावर संकट येत असेल, तर आधी अमोनियाचं किट आणून पाणी तपासावं. "एकदा टाका, पाणी कधीच बदलू नका" अशा पावडरींचीही तीच गत. वर मांडलेल्या हिशोबात ती पावडर नायट्रेट नेमकं कुठून बाहेर नेते, एवढंच दुकानदाराला विचारा.

एकापेक्षा जास्त टँक असले की हा हिशोब खरा कामाला येतो. सुदामानगरातल्या एका मित्राकडे चार आहेत. 100 लिटरमध्ये गोल्डफिश, 50 मध्ये गप्पी, दुसऱ्या 50 मध्ये वनस्पती आणि निऑन टेट्रा, आणि 15 लिटरमध्ये एकटा फायटर मासा. "भिया, रविवार सगळा यातच जातो," ही त्याची कायमची तक्रार, कारण तो प्रत्येक टँकचा सरसकट एक तृतीयांश भाग बदलायचा. त्याला म्हटलं, आधी दाणे मोज. आठवड्याला गोल्डफिशना 10 ग्रॅम, गप्पींना 2.5, टेट्रांना 1.2, फायटरला 0.3. पाचने गुणलं की अनुक्रमे 50, 12.5, 6 आणि दीड लिटर. एकूण 70 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या पाचही बादल्या पुऱ्या भरत नाहीत. त्यातल्या सव्वातीनहून जास्त एकट्या गोल्डफिशच्या. त्याच्या पद्धतीत एकूण पाणी जवळपास एवढंच जात होतं, पण टेट्रांना गरजेच्या अडीचपटीहून जास्त मिळत होतं आणि गोल्डफिश मर्यादेच्या पार वर होते. उन्हाळ्यात बाष्पीभवनासाठी थोडं वाढवायचं. नळाच्या पाण्यातच 10 नायट्रेट असेल तर 5 ऐवजी पावणेसात लिटर धरायचे.

चिमूट वजनकाट्यावर तोलत बसायची गरज नाही. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. तो सात आठवड्यांत संपला, तर आठवड्याला 14 ग्रॅम.

पाणी कुठलं, हेही इथे ठरवता येतं. 1978 पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून विंध्याचा घाट चढून नर्मदा इंदुरात येते. ते पाणी बोरिंगपेक्षा बहुधा मऊ असतं. टेट्रांना नर्मदा द्या. गप्पींना बोरिंग चालतं, किंबहुना मानवतं. टीडीएस पेनने दोन्ही मोजून घ्या, फक्त ते पेन अमोनिया किंवा नायट्रेट ओळखत नाही हे विसरू नका. नर्मदा एक दिवसाआड येणाऱ्या घरात 100 लिटरचा ड्रम लागतोच. त्यात एअर पंपचा दगड सोडून पाणी दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडतो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, एकेकाळी फोटो धुवायला वापरायचे तेच. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला 7 मिलिग्रॅम हायपो पुरतं. अँटिक्लोरीन म्हणून मिळणाऱ्या बाटलीत बहुधा हेच असतं.

जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी बर्फगार असतं, तेव्हा बदल दुपारी करावा. निरोगी टँक आधी, आजारी टँक शेवटी, आणि जाळी व पाइप मधल्या काळात खडखडीत वाळवायचे, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओल्या जाळीतूनही घरभर फिरतो. पाइप तोंडाने ओढू नये. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नये, या पाण्यात त्वचेला त्रास देणारे मायकोबॅक्टेरिया असू शकतात. आणि उपसण्याआधी हिटरचं बटण बंद. पाणी उतरून उघडा पडलेला तापलेला हिटर गार पाणी लागताच तडकतो, आणि मग त्या पाण्यात वीज असते.