कोणती फाइल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडावी : एका निवडीची पार्श्वभूमी

चिपळूण, कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडी अशा तालुक्याच्या गावी झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज ही तिन्ही कामे बहुधा एकाच दुकानात आणि पुष्कळदा एकाच संगणकावर चालतात. सकाळी सातबाऱ्याचा पीडीएफ उघडला जातो, दुपारी दशावतारी नाटकाच्या हँडबिलाची कोरलड्रॉमधली फाइल, तर संध्याकाळी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एखाद्या विद्यार्थ्याचा फोटो. यांपैकी कोणत्याही फाइलवर डबल क्लिक केले की कोणता तरी प्रोग्राम आपोआप सुरू होतो. तो कोणता असावा हे कोणी ठरवले, याचा विचार सहसा होत नाही. नवा ब्राउझर बसवल्यावर सगळे पीडीएफ एकाएकी त्यातच उघडू लागले, किंवा डिझाइनची फाइल भलत्याच आवृत्तीत उघडली, म्हणजे तो होतो. संगणकाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात हा निर्णय घेण्याचा अधिकार फाइल बनवणाऱ्याकडून प्रोग्राम बनवणाऱ्याकडे, तिथून ऑपरेटिंग सिस्टिमकडे आणि काही अंशी वापरणाऱ्याकडे असा फिरत आला आहे. आज जी ओढाताण दिसते, तिचे मूळ या फिरण्यात आहे.

आरंभी असा निर्णय घेण्याची वेळच येत नसे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या सीपी-एम या प्रणालीत फाइलच्या नावासाठी आठ अक्षरे आणि तिच्या प्रकारासाठी तीन अक्षरे असत. ही पद्धत त्याआधीच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकांवरील रिवाजाला धरून होती. १९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने आठ आणि तीनचा हाच नियम उचलला. मात्र त्या तीन अक्षरांचा उपयोग डॉस स्वतः फार थोड्या ठिकाणी करी : कॉम, एक्सई आणि बॅट ही एक्स्टेन्शने, म्हणजे नावाच्या शेवटची प्रकार सांगणारी अक्षरे, असलेल्या फाइली चालवता येतात, एवढेच त्याला ठाऊक असे. बाकी पत्र असो वा हिशेब, वापरणारा आधी प्रोग्रामचे नाव टाइप करी आणि मग फाइलचे. निवड प्रत्येक वेळी माणूसच करत असल्यामुळे ती कुठे नोंदवून ठेवण्याचे कारण नव्हते. जेपीईजी फाइलींच्या शेवटी आजही बहुधा जेपीजी ही तीनच अक्षरे दिसतात आणि एचटीएमएलच्या जोडीने एचटीएम चालते, ती त्या जुन्या मर्यादेची खूण आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळी वाट धरली. तिथे नावाच्या शेवटी काय लिहिले आहे याला प्रणालीच्या लेखी महत्त्व नव्हते. फाइलच्या आतील पहिले काही बाइट पाहून तिचा प्रकार ओळखण्याची रीत होती. युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीतील, नोव्हेंबर १९७३ ची तारीख असलेल्या माहितीपत्रकात ‘फाइल’ नावाची आज्ञा आढळते आणि तिचे काम हेच होते. पुढे आलेल्या अनेक स्वरूपांनी अशी ओळखीची खूण जाणीवपूर्वक आत ठेवली : पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याच्या चिन्हापुढे पीडीएफ ही अक्षरे असतात, तर झिप फाइल हे स्वरूप तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाच्या पीके या आद्याक्षरांनी सुरू होते. आंब्याच्या पेटीवर ‘देवगड हापूस’ छापले म्हणून आतला आंबा देवगडचा ठरत नाही, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. डॉस छापलेल्या अक्षरांवर विसंबत होते, युनिक्स पेटी उघडून आतले फळ पाहत होते. पण आतले पाहण्यास वेळ लागतो, आणि शेकडो फाइलींचे फोल्डर दाखवताना प्रत्येक फाइल उघडून तपासणे त्या काळच्या संगणकांना जड होते. नावावरून ओळखण्याची पद्धत डेस्कटॉपवर टिकली, त्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

या दोहोंपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली रचना माझ्या मते अ‍ॅपलची होती. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलसोबत, तिच्या नावापासून स्वतंत्र अशा, चार अक्षरांच्या दोन नोंदी ठेवल्या जात. पहिली नोंद फाइलच्या प्रकाराची आणि दुसरी ती ज्या प्रोग्रामने बनवली त्याची. त्यामुळे साध्या मजकुराच्या दोन फाइली एकाच प्रकारच्या असूनही, ज्या प्रोग्रामने जी बनवली त्यातच ती उघडे, आणि नाव कसेही बदलले तरी हे नाते तुटत नसे. ‘ही फाइल काय आहे’ आणि ‘ती कोणी उघडावी’ हे दोन प्रश्न इतक्या स्वच्छपणे वेगळे ठेवणारी दुसरी डेस्कटॉप प्रणाली त्या काळी प्रचारात नव्हती. तिची अडचण एवढीच की या नोंदी मॅकच्या बाहेर टिकत नसत. फाइल डॉसच्या फ्लॉपीवरून किंवा ईमेलने गेली की त्या गळून पडत. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये एक्स्टेन्शनला महत्त्व आले, २००५ मध्ये प्रकार ओळखण्याची नवी व्यवस्था आली, आणि २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून बनवणाऱ्या प्रोग्रामची जुनी नोंद विचारात घेणे थांबले. चांगली रचना केवळ इतरांशी जुळत नाही म्हणून मागे पडली, याची हळहळ वाटते.

आपल्याकडील डीटीपीचे जग मात्र बहुतांशी विंडोजवर उभे राहिले, त्यामुळे तिथला इतिहास अधिक जवळचा आहे. विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये विन डॉट आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलीत ‘एक्स्टेन्शन्स’ असा विभाग असे आणि टीएक्सटी म्हणजे नोटपॅड, बीएमपी म्हणजे पेंटब्रश अशा ओळी तिथे लिहिलेल्या असत. वापरणारा ती फाइल उघडून ओळ हाताने बदलू शके. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये याच्या जोडीला नोंदणीचा एक छोटा डेटाबेस आला आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये त्याचे रूपांतर आज परिचित असलेल्या रजिस्ट्रीत झाले. तिथे एक्स्टेन्शन थेट प्रोग्रामशी जोडलेले नसते. आधी ते एका प्रकाराच्या नावाशी जोडले जाते आणि त्या प्रकाराखाली ‘उघडणे’, ‘संपादन’, ‘छपाई’ अशा प्रत्येक क्रियेसाठी वेगळी आज्ञा नोंदवलेली असते. राइट क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीतील ‘प्रिंट’ ही सोय यातूनच मिळते. रचना लवचीक होती, पण कोणताही प्रोग्राम बसवताना त्याला या नोंदी परस्पर बदलता येत असत. एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या असतील तर बहुधा शेवटी बसवलेली जिंके, आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हा त्रास डीटीपी करणाऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे.

विंडोज ९५ ने आणखी एक गोष्ट केली, जी मला आजही चुकीची वाटते. ओळखीच्या प्रकारांचे एक्स्टेन्शन तिने न सांगता लपवले. नाव सुटसुटीत दिसावे हा हेतू असेल, पण ज्या तीन अक्षरांवर कोणता प्रोग्राम चालणार हे ठरते, तीच वापरणाऱ्याच्या दृष्टीआड गेली. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा उपद्रवी प्रोग्राम ईमेलमधून जगभर पसरला, तेव्हा त्याच्या जोडफाइलीचे नाव टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस असे दुहेरी होते. शेवटचे व्हीबीएस लपल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे, आणि डबल क्लिक केल्यावर अशी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालवण्याची सोय विंडोजमध्ये आधीच जोडलेली असे. नवीन संगणक घेतल्यावर एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग सर्वांत आधी चालू करावी, असे मी आग्रहाने सांगतो. विंडोज ११ मध्येही ती मुळात बंदच असते.

दरम्यान इंटरनेटने प्रकार सांगण्याची तिसरी पद्धत आणली. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये माइम हे मानक मांडले. त्यात पाठवणारा संगणकच ‘ही जेपीईजी प्रकारची प्रतिमा आहे’ असे शब्दांत सांगतो. मग घेणाऱ्या संगणकाला त्या वर्णनावरून एक्स्टेन्शन ठरवावे लागते आणि विंडोज त्यासाठी रजिस्ट्रीतील एक तक्ता पाहते. शिष्यवृत्तीच्या किंवा भरतीच्या अर्जात अनेकांना भेडसावणारी अडचण इथे उगम पावते. अनेक संगणकांवर या तक्त्यात जेपीईजीपुढे जेएफआयएफ असे एक्स्टेन्शन असते, त्यामुळे ब्राउझरमधून उतरवून घेतलेला फोटो त्याच नावाने साठवला जातो आणि केवळ जेपीजी स्वीकारणारे संकेतस्थळ तो नाकारते. आतील चित्र तेच असते. नावाचा शेवट बदलून जेपीजी केला की काम होते.

रजिस्ट्रीच्या मोकळेपणाचा सर्वाधिक गैरफायदा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून घेतला गेला. गाणी आणि चित्रफिती दाखवणारे प्रोग्राम एकमेकांच्या नोंदी पुसून आपल्या लिहीत. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने त्यावर उपाय म्हणून प्रत्येक वापरकर्त्याची निवड स्वतंत्र ठेवली. २०१२ च्या विंडोज ८ ने त्या निवडीसोबत एक सांकेतिक पडताळणी जोडली, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामला ती परस्पर बदलता येऊ नये. संरक्षण खरे होते, पण त्याची किल्ली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्याकडेच गेली आणि त्या कंपनीचा स्वतःचा ब्राउझरही स्पर्धेत होता. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून ब्राउझर निवडीचा पडदा दाखवण्याचे बंधनकारक आश्वासन घेतले होते; विंडोज ७ च्या एका अद्ययावत आवृत्तीत तो दिसला नाही म्हणून मार्च २०१३ मध्ये कंपनीला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० कडे जाताना आधीची निवड पुसली जाते, अशी जाहीर तक्रार फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बियर्ड यांनी केली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तर ब्राउझर बदलण्यासाठी एचटीएम, एचटीएमएल अशा एकेका प्रकाराची निवड वेगळी करावी लागे. बरीच टीका झाल्यावर २०२२ मध्ये त्यासाठी एकच बटण देण्यात आले.

लिनक्सवर हा वाद फारसा झाला नाही. तिथे फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या मानकांनुसार माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट या साध्या मजकुराच्या फाइलीत वापरणाऱ्याची निवड राहते आणि ती वाचता, बदलता, दुसऱ्या संगणकावर नेता येते.

या इतिहासाचा आपल्या दैनंदिन कामाशी सर्वांत थेट संबंध येतो तो डिजिटल स्वाक्षरी असलेल्या दाखल्यांत. बहुतेक ब्राउझर पीडीएफ दाखवतात, परंतु त्यातील स्वाक्षरी तपासत नाहीत. ती त्यांच्या लेखी पानावरील चित्र असते. सातबारा किंवा दाखला खरा आहे का हे पाहायचे असेल, तर स्वाक्षरीची पडताळणी करणाऱ्या पीडीएफ रीडरमध्येच तो उघडला पाहिजे. विंडोज १० पासून पीडीएफ मुळातच ब्राउझरशी जोडलेला येत असल्याने ही निवड मुद्दाम करावी लागते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ओपन्स विथ’पुढील ‘चेंज’ वापरून ती करता येते. निवड वापरकर्त्यानुसार साठवली जात असली, तरी दुकानातील सगळे जण एकाच खात्यावर बसतात, तेव्हा शेवटी ज्याने बदलले त्याचेच चालते. डीटीपीसाठी एक आणि दाखले-अर्जांसाठी दुसरे अशी दोन खाती केली, तर फोटो पहिल्या खात्यात डिझाइनच्या प्रोग्राममध्ये आणि दुसऱ्यात साध्या व्ह्यूअरमध्ये उघडतात. कायमचा बदल नको असेल तेव्हा ‘ओपन विथ’मधून केवळ त्या वेळेपुरता प्रोग्राम निवडता येतो आणि जुनी नोंद तशीच राहते.