मज्जातंतूचा निरोप आणि निपाणीचा तंबाखू

निपाणीत तंबाखूच्या वखारीत पाऊल टाकलं की नवख्याला आधी ठसका लागतो. मज्जातंतू स्नायूला हुकूम कसा देतो, हे कोडं सुटायला याच पानातलं निकोटिन कामी आलं, हे मात्र आपल्या सीमाभागात फारसं कुणी सांगत नाही.

कथा सुरू होते बेडकापासून. मेलेल्या बेडकाची तंगडी विजेने उडते, हे बोलोन्याच्या गॅल्व्हानीने 1791 मध्ये छापलं आणि मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असा समज रूढ झाला. 1850 मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला, तर तो निघाला सेकंदाला तीस मीटरच्या आतच. म्हणजे निपाणीवरून जाणाऱ्या हायवेवरच्या भरधाव गाडीइतका! तारेतली वीज इतकी रेंगाळत नाही. खरं तर अक्षतंतूतला, म्हणजे मज्जापेशीच्या लांब धाग्यातला, संदेश टप्प्याटप्प्यावर नव्याने उभा राहतो: पडद्यातून सोडियमचे आयन आत घुसतात, मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि पुढचा तुकडा जागा होतो. माकुळाच्या (स्क्विडच्या) जाडजूड अक्षतंतूवर हॉजकिन आणि हक्स्ली यांनी 1952 मध्ये याचं गणितच मांडलं.

पण तंतू स्नायूपाशी संपतो, तिथे पुढे काय?

केंब्रिजच्या लँगलीने 1905 मध्ये कोंबड्याच्या स्नायूंवर निकोटिन वापरून पाहिलं. स्नायू आखडला. मज्जातंतू कापून, तो पार झडून गेल्यावरही आखडला! क्युरारे हे बाणांना लावायचं विष दिलं की मात्र निकोटिनचा जोर ओसरे. म्हणजे दोन्ही द्रव्यं तंतूवर नव्हे, स्नायूवरच्याच कशावर तरी झोंबत होती. लँगलीने त्याला 'ग्रहण करणारं द्रव्य' म्हटलं. आज आपण ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, म्हणतो. माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी कल्पना हीच. विजेचा शोध त्यापुढे साधा वाटतो.

मज्जातंतूचा निरोप रसायनातून पोचतो, हे लोवीने 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. स्नायूपाशी तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, हे डेलच्या गटाने 1936 मध्ये सिद्ध केलं. त्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. स्नायूवरच्या त्या ग्राहकाचं नाव मात्र अजून 'निकोटिनिक' असंच आहे. ओल्या तंबाखूच्या पानांत राबणाऱ्याला मळमळ, गरगर होते, तेव्हा कातडीतून शिरलेलं निकोटिन याच कुळातल्या, पण मेंदूतल्या आणि मज्जागंडिकांतल्या (मज्जापेशींच्या गाठींतल्या) ग्राहकांना जाऊन चिकटलेलं असतं.