ठासणीची बंदूक आणि परवान्याची अफवा

“ठासणीच्या बंदुकीला परवाना लागत नाही, ती पुराणवस्तू!” ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून गजाने दारूगोळा ठासून भरायची बंदूक; कोकणात तिच्याबद्दल हे वाक्य पारावर ऐकू येतं. आता त्याला व्हिडिओंची जोड मिळाली आहे: कुणी अमेरिकन गृहस्थ गॅरेजमध्ये मेपलच्या लाकडाचा दस्ता तासतोय, चकमकीचा घोडा बसवतोय, पितळेची नक्षी घासतोय. बघायला झकास. पण तो कायदा तिथला. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने काळ्या दारूवर चालणाऱ्या अशा बंदुका ‘अँटिक’ ठरवून बऱ्याच अटींतून सोडल्या. राज्यांचे नियम वेगळे, ते असोच.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९. बाळगायला कलम ३ नुसार परवाना, बनवायला कलम ५ नुसार वेगळा. ‘हौस म्हणून’ ही सबब त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

मग अफवा आली कुठून? बहुधा कलम ४५ मधून. जुनाट, पुराणमूल्याच्या शस्त्राला तिथे सूट आहे खरी. लोक तेवढंच वाचतात आणि पुढची अट गाळतात: दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. म्हणजे आजोबांची भिंतीवरची नळी गंजून पार फुटली असेल तर ठीक; गज घालून ठासता येत असेल, तर नाही. रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक बाळगणारे कोकणातले शेतकरीसुद्धा शेतीसंरक्षणाचा परवाना काढतात, आणि वेळच्या वेळी नूतनीकरणाला खेटे घालतात.