निर्णयसागरची पहिली आवृत्ती ओळखताना

नाशिकच्या पंचवटीत एखाद्या जुन्या वाड्याचे फडताळ आवरायला काढले, की लाल फडक्यातल्या पोथ्यांबरोबर मुंबईच्या ‘निर्णयसागर’ छापखान्याचे संस्कृत पुस्तक निघण्याचा संभव बराच असतो, आणि मग ‘ही पहिली आवृत्तीच’ असे घरातील कोणीतरी ठामपणे सांगते. हा दावा तपासता येतो. मात्र नुसत्या जीर्णपणावरून काही ठरत नाही, कारण नाशिकचा दमट पावसाळा पन्नास वर्षांच्या पुस्तकालाही शंभर वर्षांचे रूप देऊ शकतो.

पहिला पुरावा शीर्षकपृष्ठावरील प्रकाशकाच्या नावाचा. हा छापखाना जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढला आणि १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पुस्तकांवर प्रकाशक म्हणून आधी तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी आणि त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग ही नावे येतात. येथे एक फसगत संभवते: तुकाराम जावजींच्या काळातही ‘जावजी दादाजी यांचा निर्णयसागर’ असे छापले जात असल्याने घाईत वाचणारा संस्थापकाचेच नाव धरून बसतो. संपादक काशिनाथ पांडुरंग परब यांच्या नावाखाली वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकरांनी शुद्ध केल्याचा (‘शोधित’) उल्लेख असेल, तर ती सुधारलेली, म्हणजे नंतरची आवृत्ती होय. वर्ष शकाचे असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि पुस्तक पौष ते फाल्गुनातले असेल तर बहुधा ७९. शके १८१२ हे इसवी सन समजून पुस्तक जवळजवळ ऐंशी वर्षांनी जुने ठरवणारेही भेटतात.

शीर्षकपृष्ठ जुने असले तरी पुस्तक जुने असेलच असे नाही, कारण मूळ पानांची छायाचित्रे घेऊन काढलेल्या ऑफसेट पुनर्मुद्रणात जुने वर्षही जसेच्या तसे उतरते. येथे दहापट भिंग उपयोगी पडते. शिशाचे खिळे कागदावर दाबून छापलेल्या अक्षराच्या कडेला बहुधा शाईची गडद किनार दिसते, कारण दाबाने शाई बाहेरच्या बाजूला सरकते. पान तिरप्या उजेडात धरले तर मागच्या बाजूला अक्षरांचे उठावही दिसतात. ऑफसेटमध्ये शाई रबरी आवरणावरून कागदावर उतरते, म्हणून पान सपाट राहते.

कागदाची साक्ष एकाच दिशेने चालते. शुभ्रता वाढवणारी रसायने कागदात साधारण १९५० पासून येऊ लागली आणि अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकतात. असे पान १८९० चे असणे शक्य नाही. पण न चमकणारा कागद १९३० चाही असू शकतो. पिवळेपणा तर त्याहून लबाड साक्षीदार: लाकडाच्या लगद्यातील लिग्निन प्रकाशाने व हवेने लवकर पिवळे पडते, तर चिंध्यांपासून केलेला त्याहून जुना कागद पांढरा राहू शकतो.

शीर्षकपृष्ठच फाटून गेले असेल, किंवा बाइंडरने पुन्हा बांधताना ते आणि मागील जाहिराती टाकून दिल्या असतील, तर निश्चित माहितीच्या पूर्ण प्रतीशी ताडून पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. छपाई आटोपल्यावर खिळे सोडवून परत केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, टाकले जात, त्यामुळे पुढच्या आवृत्तीसाठी मजकूर नव्याने जुळवावा लागे आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत. दोन प्रतींत त्याच पानावर ओळी सारख्याच तुटल्या असतील आणि एखादी तुटकी वेलांटीही तशीच असेल, तर जुळणी एकच समजावी. जुळणीचे ओतीव ठसे (अख्ख्या पानाचे धातूचे एकसंध पत्रे) घेऊन ठेवले असतील तेव्हा मात्र त्यांवरून पुढेही तीच जुळणी छापता येत असल्याने एवढ्यावर न थांबता त्या ठशांची झीज आणि चिरा कोणत्या प्रतीत अधिक आहेत, हे पाहावे लागते.