माऊस कोणाच्या हातात?

खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागातील एखाद्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात संगणकाच्या तासाला गेल्यास बहुधा एकच दृश्य दिसते: चालू स्थितीतील संगणक थोडे, मुले पुष्कळ, आणि प्रत्येक पडद्यासमोर तीन-चार जणांचे कोंडाळे. शिक्षक आणि पालक दोघेही ही उणीव मानतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र मिळाले की शिक्षण सुधारेल, असे गृहीत धरतात. गेल्या साडेतीन दशकांत वाढलेल्या ‘संगणक-साहाय्यित सहयोगी शिक्षण’ या संशोधनशाखेने मात्र हे कोंडाळेच आपल्या अभ्यासाचा विषय केले आहे. त्या तीन-चार जणांचे आपसांत काय बोलणे होते, कोण गप्प राहतो आणि पडद्यावरील काम कशा रीतीने मांडले असता गप्प राहणाऱ्यालाही विचार करणे भाग पडते, हे त्या शाखेचे प्रश्न आहेत.

यांतील एक महत्त्वाचे काम कर्नाटकातच झाले. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन केंद्रातील उदय सिंग पवार, जॉयोजीत पाल, केंतारो तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास ग्रामीण शाळांमधील संगणकवर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना आढळले की यंत्राभोवती कितीही मुले बसली तरी माऊस सहसा एकाच धीट मुलाच्या ताब्यात जातो आणि बाकीची प्रेक्षक होतात. त्यांनी यावर काढलेला उपाय स्वस्त होता. एकाच संगणकाला अनेक माऊस जोडायचे आणि पडद्यावर प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा दाखवायचा. मुलांचा उत्साह एकदम वाढला, परंतु उत्साह आणि शिकणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे पुढच्या प्रयोगात स्पष्ट झाले. इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या खेळात जो पहिला क्लिक करील त्याचे उत्तर ग्राह्य, असा नियम ठेवला, तेव्हा मुलांची, विशेषतः मुलग्यांची, नुसती शर्यत लागली. शब्द न वाचताच भराभर क्लिक होऊ लागले. नियम बदलून सर्वांनी योग्य उत्तर निवडल्याशिवाय खेळ पुढे सरकणार नाही असे केले, तेव्हा मुले एकमेकांना सांगू लागली, थांबू लागली, आणि स्वतंत्र संगणक मिळालेल्या मुलांच्या जवळपास बरोबरीने शब्द शिकली. दोन्ही वेळी यंत्र तेच होते आणि माऊसही तितकेच होते.

या संशोधनशाखेला आजचे नाव मिळाले ते १९८९ मध्ये इटलीतील मारातेआ येथे भरलेल्या एका कार्यशाळेच्या सुमारास, आणि तिची पहिली स्वतंत्र परिषद १९९५ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन येथे झाली. त्याआधी संगणक हा न थकणारा शिकवणीचा मास्तर मानला जात असे: तो प्रश्न विचारणार, मूल उत्तर देणार, चुकल्यास तो पुन्हा विचारणार. नव्या दृष्टीने शिकण्याचे ठिकाण यंत्र आणि मूल यांच्या मधून हलवून मूल आणि मूल यांच्या मध्ये आणले. तिच्या मुळाशी लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे. मूल जे एकट्याने करू शकत नाही, पण जाणत्याच्या सोबतीने करू शकते, त्या पट्ट्यातच खरी वाढ होते, असे त्याने मांडले होते. पुढील संशोधनाने त्यात एक भर घातली: सोबती जाणता असलाच पाहिजे, असे नाही.

ही भर चमत्कारिक वाटेल, म्हणून तिचा पुरावा सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या वर्गात विद्यार्थ्यांना एक प्रश्न देऊन प्रत्येकाचे उत्तर हातातील छोट्या यंत्राने नोंदवून घेतले गेले. मग शेजाऱ्यांशी चर्चा, पुन्हा उत्तर, आणि शेवटी त्याच संकल्पनेवरचा पण वेगळा प्रश्न, जो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चर्चेनंतर शेवटच्या प्रश्नाची बरोबर उत्तरे वाढलेली आढळली, आणि आकडेमोडीवरून असे दिसले की ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नव्हते, तेथेही ती वाढ झाली होती. म्हणजे हुशार मुलाची नक्कल, एवढ्यावर या लाभाचा उलगडा होत नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला पटवताना त्यातील भोके आपल्यालाच दिसू लागतात. गटातील संभाषणांच्या अभ्यासातूनही हेच पुढे आले आहे की, सविस्तर स्पष्टीकरण देणाऱ्याचा फायदा मोठा असतो, तर नुसते उत्तर ऐकणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

तरीही गट केला की शिक्षण होतेच, असे मानण्याचे कारण नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांची ताकद मोजली होती. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार माणसे वाढत जातात तसा प्रत्येकाचा जोर घटत जातो आणि आठ जणांच्या गटात तो एकट्याच्या वेळच्या सुमारे निम्म्यावर येतो. शाळेतील गटप्रकल्पांना हा नियम किती लागू पडतो, हे तालुक्याच्या गावातील कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानदाराला विचारावे. एक जण प्रकल्प छापून घेतो आणि चौघांची नावे मुखपृष्ठावर येतात.

संगणकाची खरी मदत येथे होऊ शकते, कारण काम अशा रीतीने वाटून देणे त्याला सहज जमते की कोणाही एकट्याला ते पुरे करता येऊ नये. कल्पना संगणकाआधीची आहे. १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एका वर्गात बसवले गेले होते आणि वर्गांत तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी तेथे धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला; पूर्ण धडा हवा असेल तर दुसऱ्याचे ऐकणे भागच होते.

आपल्याकडे या पद्धतीला खानापूर तालुक्यासारखे साहित्य दुसरीकडे क्वचितच मिळेल. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात अडते आणि पुढे बागलकोट जिल्ह्यात कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यात भीमगडच्या परिसरात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते आणि मांडवी या नावाने अरबी समुद्रात शिरते. एकाच तालुक्यातील पाणी दोन समुद्रांना का जाते, हा प्रश्न नववीच्या तिघांच्या गटाला द्यावा आणि संगणकावर तिघांना तीन वेगळे पडदे दाखवावेत. एकाला उंचीच्या समोच्च रेषा, दुसऱ्याला ठिकठिकाणच्या पावसाचे आकडे, तिसऱ्याला नद्यांचे प्रवाह पण नावांशिवाय. पावसाचा पडदा पाहणारी मुलगी सांगेल की कणकुंबीला कोसळणारा पाऊस सौंदत्तीपर्यंत पोहोचताना फारच कमी होतो. प्रवाहांचा पडदा पाहणाऱ्याला हे ऐकल्यावर वाटेल की मलप्रभेचे बहुतेक पाणी उगमाकडच्या पट्ट्यातूनच येत असावे. परंतु ते पाणी पूर्वेकडेच का वळते, हे समोच्च रेषांचा पडदा पाहणाऱ्याने सह्याद्रीतील पाणलोटाची रेषा, म्हणजे पाणी दोन बाजूंना विभागणारी उंचवट्याची रेषा, कोठून जाते हे दाखवल्याशिवाय सुटणार नाही. अंतिम नकाशा तिघांची संमती नोंदवल्याशिवाय जतन होऊ नये, एवढी अट घातली की बंगळुरूच्या प्रयोगातील दुसरा नियम येथे लागू झाला. एकच संगणक असल्यास तीन पडद्यांऐवजी तीन छापील कागद द्यावेत आणि पडद्यावर केवळ सामायिक नकाशा ठेवावा. तत्त्व बदलत नाही.

संगणकाचे दुसरे काम स्मरणाचे. बोलणे हवेत विरते. पडद्यावरची नोंद राहते आणि तिच्यावर दुसऱ्याला लिहिता येते. कॅनडातील मार्लिन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर यांनी १९८० च्या दशकात टोरांटोच्या शाळांसाठी अशी एक प्रणाली घडवली, जी पुढे ‘नॉलेज फोरम’ या नावाने ओळखली गेली. त्यात मूल नोंद लिहिताना ‘माझा सिद्धान्त’, ‘मला समजून घ्यायचे आहे’, ‘नवी माहिती’ अशा आरंभांपैकी एक निवडते. साधी वाटणारी ही सोय महत्त्वाची आहे, कारण अंदाज आणि माहिती यांतला भेद मुलाला लिहिण्याच्या क्षणीच करावा लागतो. प्रत्येक नोंद वर्गाची होते आणि महिन्याभरानंतरही तिच्यात दुरुस्ती करता येते.

तथापि प्रत्येक पायरी आखून देण्याचा मोह आवरला पाहिजे. स्वित्झर्लंडमधील संशोधक पिएर डिलनबुर यांनी २००२ मध्येच इशारा दिला होता की गटाच्या कामाची संहिता फार काटेकोर झाली तर नैसर्गिक संवादच मरतो. मनू कपूर यांचा २००८ चा अभ्यास याहून पुढे जातो, आणि तो भारतातीलच आहे. सात शाळांमधील अकरावीच्या ३०९ विद्यार्थ्यांनी तिघातिघांच्या गटांत, केवळ संगणकावर लिहून संवाद साधत, गतिविषयक प्रश्न सोडवले. काही गटांना नीट आखीव प्रश्न मिळाले, काहींना गुंतागुंतीचे आणि अर्धवट माहितीचे. दुसऱ्या प्रकारचे गट चाचपडले, भरकटले, आणि त्यांची गटातील उत्तरे वाईट आली. पण नंतर एकेकट्याने प्रश्न सोडवताना तेच विद्यार्थी सरस ठरले. तासाच्या अखेरीस फळ्यावर नीटस उत्तर दिसले पाहिजे, ही आपली सवय या निष्कर्षापुढे तपासून पाहण्यासारखी आहे.

सीमाभागात आणखी एक पेच आहे. मुले घरी मराठी बोलतात, बाजारात आणि बसमध्ये कन्नड बोलतात, पाठ्यपुस्तक मराठी असते आणि संगणकावरील सूचना बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात. माझ्या मते गटातील चर्चेवर भाषेचा पहारा ठेवू नये. विचार पक्का होईपर्यंत मुलांनी बेळगावी मराठीत, मध्ये येणाऱ्या कन्नड-इंग्रजी शब्दांसह, खुशाल वाद घालावा. शुद्ध मराठीचा आग्रह अंतिम नोंदीपुरता पुरे आहे. टंकलेखनाची अडचण मात्र खरी आहे, कारण ज्याला कळफलक येतो त्याच्याकडे नकळत सत्ता जाते आणि माऊसचा प्रश्न तेथेही उभा राहतो. लेखनिकाचे काम दर तासाला फिरते ठेवावे, आणि त्याने स्वतःचे मत लिहू नये, शेजाऱ्याचे लिहावे. इनस्क्रिप्ट कळफलकावर भारतीय लिप्यांतील समान अक्षरे एकाच कळीवर असतात, त्यामुळे मराठीचा क जेथे तेथेच कन्नडचा क. एकदा बोटे बसली की दोन्ही लिप्या हाती येतात. कर्नाटकातील सरकारी कामात ‘नुडी’ या कन्नड टंकलेखन प्रणालीची वेगळी मांडणी रुळलेली असली, तरी द्विभाषिक मुलांसाठी इनस्क्रिप्ट अधिक फायद्याची आहे.

इंटरनेटची अट यांतील कशालाच नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, परंतु इंटरनेटशिवाय धडे पुरवणारी ‘कोलिब्री’सारखी मुक्त प्रणाली रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवली, तर ती शाळेच्या आतल्या जाळ्यावरच चालते आणि जुन्या लॅपटॉपलाही पुरते.

गटात बसण्याची सवयही कर्नाटकाला नवीन नाही. १९९५ मध्ये मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ‘नली-कली’ पद्धती पुढे राज्यभरातील सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत पोहोचली, आणि तिच्यात काही गट शिक्षकाच्या मदतीने, काही सवंगड्यांच्या मदतीने तर काही आपापले शिकतात. वरच्या वर्गांत बाके पुन्हा फळ्याकडे तोंड करतात, कारण एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा प्रत्येकाने एकट्यानेच द्यायची असते. या दोहोंचा मेळ घालण्याची रीत संशोधनात चांगली पारखली गेली आहे: काम गटाचे, पण हिशेब प्रत्येकाचा. नकाशा पूर्ण झाल्यावर संगणकाने तिघांपैकी एकाचे नाव सोडतीने निवडावे, त्या मुलाने उठून पाणलोटाची रेषा समजावून सांगावी, आणि त्याला पडणारे गुण तिघांच्याही खात्यावर जमा व्हावेत.