टॅटू काढून घरी आल्यावर कातडीच्या आत काय चालतं

ठाण्यात आता स्टेशनजवळच्या गल्ल्यांपासून घोडबंदर रोडपर्यंत टॅटूची दुकानं दिसतात, खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, खारघरला पण तेच, आणि गणपतीच्या आधी मनगटावर बाप्पा काढून घेणारी पोरंपोरी तर दरवर्षी भेटतात. डिझाइन कुठलं, कुठल्या हातावर, किती मोठं यावर महिनोन्महिने चर्चा होते पण नंतरचे दोन-तीन आठवडे काय करायचं हे मात्र दुकानातून निघता निघता पाच मिनिटात उरकलं जातं. मला हे फार खटकतं, कारण टॅटूचं अर्धंच काम सुई करते, उरलेलं अर्धं तुमचं शरीर करतं आणि ते घरी आल्यावर सुरू होतं.

आधी कातडीच्या आत काय झालंय ते बघू. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत बदलत असतो, खालून नव्या पेशी वर येतात आणि जुन्या झडून जातात, साधारण महिना-दीड महिन्यात अख्खा थर नवा होतो. शाई तिथेच राहिली असती तर टॅटूही तेवढ्याच दिवसात निघून गेला असता. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात जाते, म्हणजे साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, आणि मशीन मिनिटाला शेकडो-हजारो वेळा टोचत असल्यामुळे तुमच्या हातावर खरं म्हणजे हजारो बारीक जखमा झालेल्या असतात. शरीराला बाप्पा दिसत नाही हो, त्याला दिसते जखम आणि आत घुसलेलं काहीतरी परकं. मग तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात, ज्यांचं कामच मुळी परक्या गोष्टी गिळून पचवणं हे आहे. त्या शाईचे कण गिळतात पण पचवू शकत नाहीत, कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. काही कण लसिकांमधून, म्हणजे शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून, जवळच्या गाठींपर्यंतही जातात, पण बाकीचे इथेच. तुम्हाला टॅटू म्हणून जे दिसतं ते बऱ्याच अंशी या पेशींच्या पोटातली शाई असते!

यातली भारी गोष्ट २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी दाखवली. त्यांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढला आणि मग या मॅक्रोफेज पेशी मुद्दाम मारून टाकल्या. टॅटू पुसट व्हायला हवा होता ना, पण तो होता तसाच राहिला, कारण पेशी मेल्यावर सुटलेले कण काही दिवसांनी आलेल्या नव्या पेशींनी परत गिळले. म्हणजे टॅटू टिकतो तो एक पिढी दुसरीच्या हातात शाई देत राहते म्हणून.

आता हे सगळं नीट व्हायचं तर वरची जखम शांतपणे भरली पाहिजे. जखम उघडी ठेव, वारा लागू दे, लवकर सुकेल असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांवर प्रयोग करून दाखवलं की पातळ प्लास्टिकच्या पडद्याखाली ओलसर राहिलेली जखम उघड्यावर सुकलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. कारण साधं आहे, नव्या पेशी कडेने सरकत सरकत मधला भाग झाकतात आणि वर जाड कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. हल्ली आर्टिस्ट जी पारदर्शक चिकट फिल्म लावून देतात ती याच तत्त्वावर आहे. तिच्याखाली शाई मिसळलेलं काळपट पाणी साठतं, ते बघून घाबरू नका, ते पू नाही. पण फिल्मची कड सुटली आणि आत घाम किंवा बाहेरचं पाणी जायला लागलं तर मात्र ती काढायची, धुवायचं आणि आर्टिस्टला विचारून पुढचं ठरवायचं, वरून चिकटपट्टी लावून चालवून घ्यायचं नाही.

ओलसर म्हणजे चिपचिपीत नव्हे, आणि इथे आपल्या हवेचा प्रश्न येतो. थंड, कोरड्या देशातले व्हिडिओ बघून लोक दिवसातून पाच-सहा वेळा मलमाचा जाड थर थापतात, तिकडे ते चालत असेल, पण मे महिन्यात किंवा पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत आधीच अंग घामाने ओलं असतं, त्यावर व्हॅसलीनचा थर दिला की घाम आत कोंडतो, कातडी पांढरट फुगते, घामोळ्यासारखे पुरळ येतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे कमी लावणंच बरं. हात धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने आणि स्वच्छ पाण्याने दिवसातून दोनदा हलकेच धुवायचं, स्वच्छ कापडाने टिपायचं (चोळायचं नाही), आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर इतकं पातळ लावायचं की चमक जेमतेम दिसेल. बस.

घरच्या उपायांबद्दल बोलायलाच हवं कारण आई-आजी प्रेमानेच सांगतात. स्वयंपाकातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण उघड्या जखमेत अडकतात, शिवाय त्या पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय का ते कळतच नाही. डेटॉल, सॅव्हलॉन रोज ओतलं तर जंतूंबरोबर नव्या पेशींनाही त्रास होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केमिस्टकडून न विचारता आणलेली ती खाजेची ट्यूब, कारण त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने लाली आणि खाज पटकन जाते, आपण खुश होतो, पण जखम भरायचं काम मंदावतं आणि इन्फेक्शन असेल तर ते झाकलं जातं. काहींना निओमायसिन हे अँटिबायोटिक असलेल्या मलमांचीच ॲलर्जी असते, हेही लक्षात असू द्या.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात, त्यात रंगही दिसतो आणि पोरं फोन करतात की टॅटू निघून चाललाय. नाही निघत, ती वरच्या थरातली शाई असते जी जाणारच होती. खाज प्रचंड येते, नखाने पापुद्रा ओढला तर मात्र खालचा रंगही जाऊ शकतो आणि तिथे पांढरा ठिपका राहतो. हलक्या हाताने थोपटा, थंड कापड ठेवा. रात्री चादर चिकटली तर ओढू नका, पाणी लावून सोडवा. ढोल पथकात असाल आणि कमरेला टॅटू काढायचा असेल तर दोरी तिथेच घासणार, तेव्हा सराव संपल्यावर काढा किंवा जागा तरी बदला. ठाणे स्टेशनच्या गर्दीत कुणाची तरी बॅग दंडाला घासणारच, त्यासाठी सैल सुती फुल बाह्यांचा शर्ट पुरतो.

पाण्याचं मी अगदी कळकळीने सांगते. वरची कातडी बंद होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, स्विमिंग पूल नाही, येऊरचे ओढे नाहीत, तलाव नाही, समुद्र तर नाहीच. २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेली केस आहे, टॅटू काढून पाचच दिवसांनी एक ३१ वर्षांचा माणूस मेक्सिकोच्या आखातात पोहला, त्याला आधीपासून लिव्हरचा आजार होता, समुद्रातल्या व्हिब्रिओ जंतूचं इन्फेक्शन झालं आणि तो वाचला नाही. आपल्याकडचा धोका आणखी रोजचा आहे. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यातूनच जखमेवाटे शरीरात शिरतात. पायावर, पोटरीवर टॅटू काढायचा असेल तर जून ते सप्टेंबर टाळा, आणि काढलाच असेल व पाण्यातून चालावं लागलं तर पाय लगेच साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ताप यायची वाट बघू नका.

ऊन पण तसंच. नवी कातडी लवकर भाजते आणि अतिनील किरण शाईचे रंगही फोडतात, पाम बीच रोडवरून बाइकने जाताना हाताचा पुढचा भाग सतत उन्हात असतो. जखम भरेपर्यंत कापडाने झाका, सनस्क्रीन पूर्ण भरल्यावरच. वरून दोन-तीन आठवड्यात छान दिसलं तरी आतली दुरुस्ती काही महिने चालते. रक्तदान करणाऱ्यांनी टॅटूनंतर वर्षभर थांबायचं असतं, तेही आधीच ठरवून ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, पाण्यासारखी लस येणं हे ठीक आहे. त्यानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, लाली पसरतेय, पू येतोय, ताप आहे किंवा लाल रेघ वर चढतेय तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा, डायबेटिस असेल तर आणखी लवकर. आणि एक प्रकार उशिरा येतो. २०११-१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये १९ जणांना टॅटूच्या जागी बारीक लाल पुळ्या आल्या, कारण आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतच मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाचा जंतू होता. अशा पुळ्या टॅटूनंतर काही आठवड्यांनी, सगळं भरल्यासारखं वाटत असताना करड्या छटांच्या भागात उठतात आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने जात नाहीत, त्यामुळे स्किनच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा टॅटू कधी काढला, करडी शाई वापरली होती का आणि दुकानात ती पातळ करायला कुठलं पाणी घेतलं होतं, हे विचारून, लिहून घेऊनच जा.